लाइफटाइम लायसन्स घेतलं, तरी नव्या व्हर्जनचे पैसे का?

लक्ष्मीरोड_काउंटर

दुकानातल्या बिलिंग आणि अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या परवान्यांबद्दल नीट माहिती एका जागी यावी म्हणून हा धागा काढतोय. कापड, औषधं, हार्डवेअर, स्टेशनरी, दुकान कुठलंही असो, तक्रार साधारण एकच ऐकू येते.

खरेदीच्या बिलावर एवढीच ओळ असते: "बिलिंग सॉफ्टवेअर (लाइफटाइम), १ नग, १४,५०० रु., जीएसटी १८%, एकूण १७,११०." व्हर्जनचा उल्लेख नाही, मुदतीचा नाही, किती काउंटरवर चालेल तेही नाही. चार-पाच वर्षांनी विक्रेता सांगतो की जुनं व्हर्जन बंद झालं, नव्याचे ९,००० भरा. दुकानदार म्हणतो लाइफटाइमचे पैसे दिलेत. विक्रेता म्हणतो लाइफटाइम त्या व्हर्जनचं होतं. दोघंही आपापल्या जागी ठाम असतात आणि कागदावर काहीच नसतं.

तर लाइफटाइम म्हणजे नेमकं काय धरायचं? आणि घेतानाच काय लिहून घ्यायचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

खतावणी

चांगला विषय. आधी गुंता सोडवू, कारण त्या एका ओळीत चार वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत.

पहिली, वापरायचा हक्क. "लाइफटाइम" किंवा "पर्पेच्युअल" परवान्यात कायमचा मिळतो तो हा, आणि तोही जे व्हर्जन घेतलं त्याचा. दुसरी, दुरुस्त्या, म्हणजे त्याच व्हर्जनमधल्या चुका काढणारे पॅच. तिसरी, नवं व्हर्जन: नवे रिपोर्ट, नवी सोय, कधी अख्खा नवा डेटाबेस. चौथी, मदत: फोन, एनीडेस्कने दुरून तुमचा पीसी बघणं, दुकानात येणं. बहुतेक उत्पादक पहिलीचे पैसे एकदाच घेतात आणि उरलेल्या तीन एका वर्षापुरत्या सोबत देतात. ग्राहकाला पहिल्या वर्षी चारही मिळतात, त्यामुळे चारही कायमच्या आहेत असं त्याच्या मनात बसतं. खरा घोळ इथे होतो.

टॅलीचं उदाहरण घ्या, कारण ते पुण्यात गल्लोगल्ली आहे. परवाना कायमचा. त्यासोबत टीएसएस नावाची वर्गणी येते, ती चालू असेपर्यंत नवी रिलीज मिळतात. टीएसएस संपली तरी तोवर मिळालेल्या रिलीजवर काम चालू राहतं. मात्र ऑनलाइन जोडलेल्या सोयी थांबतात आणि पुढची रिलीज मिळत नाहीत. संपलेल्या टीएसएसवर कुणी उत्साहाने नवं रिलीज चढवलं तर सॉफ्टवेअर एज्युकेशनल मोडमध्ये (शिकण्यापुरत्या, मर्यादित वापरात) जातं आणि लोकांना वाटतं लायसन्सच गेलं. गेलेलं नसतं. पात्र असलेलं जुनं रिलीज परत टाका, लायसन्स परत दिसतं. पण नव्या रिलीजमध्ये डेटा उघडून रूपांतरित करून बसला असाल, तर आधीचा बॅकअप हवाच.

यामागची यंत्रणा साधी आहे. तुमच्या की-मध्ये, म्हणजे लायसन्सच्या सांकेतिक क्रमांकात, "अपडेट या तारखेपर्यंत" अशी एक तारीख असते आणि प्रत्येक बिल्डला, म्हणजे बाहेर पडलेल्या प्रत्येक प्रतीला, स्वतःची तारीख असते. बिल्डची तारीख पुढची असेल तर की नाकारली जाते. परवाना संपलाय आणि अपडेटचा काळ संपलाय, या दोन गोष्टी स्क्रीनवर नीट वेगळ्या लिहिलेल्या नसतात, म्हणून घबराट होते.

आता तुमच्या प्रश्नातला "जुनं व्हर्जन बंद झालं" हा शब्द पकडा. त्याचे दोन अर्थ आहेत. एक, आम्ही त्यावर आता मदत देणार नाही. हे त्यांच्या हक्कात आहे. दोन, ते उघडणारच नाही. कायमचा परवाना विकून हे करणं म्हणजे दिलेला हक्क काढून घेणं. विक्रेत्याला फोनवर न विचारता ई-मेलवर विचारा: "मदत बंद होणार की सॉफ्टवेअर उघडायचं बंद होणार?" उत्तर लेखी आलं की पुढची दिशा आपोआप ठरते.

ग्राहकपंच

खतावणी यांच्याशी बऱ्याच अंशी सहमत, पण एका जागी नाही. जाहिरातीत मोठ्या अक्षरात "एकदाच पैसे, आयुष्यभर अपडेट" लिहिलं असेल, तर इन्स्टॉल करताना "आय अ‍ॅग्री" खाली कुठेतरी लिहिलेलं "अपडेट एक वर्ष" पुढे करून विक्रेता सुटत नाही. जाहिरात, व्हॉट्सअ‍ॅपवरचं कोटेशन, माहितीपत्रक, सगळं जपून ठेवा. स्क्रीनशॉट तारखेसह घ्या.

कायद्याच्या बाजूने दुकानदारांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू वा सेवा "ग्राहक" या व्याख्येत बसत नाही. अपवाद एकच: स्वतः राबून, स्वयंरोजगारातून, फक्त उपजीविकेसाठी घेतलेलं असेल तर बसते. म्हणजे स्वतः गल्ल्यावर बसणारा किराणा दुकानदार ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. चार शाखा आणि वीस नोकर असलेल्या दुकानावर समोरचा वकील पहिला आक्षेप इथेच घेईल.

जिल्हा आयोगाकडे ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणं जातात आणि ५ लाखांपर्यंत फी लागत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत दाखल करायला हवं. करारातली अटच अन्यायकारक आहे असं म्हणायचं असेल, उदाहरणार्थ "कंपनी कारण न देता कधीही परवाना रद्द करू शकते", तर ते प्रकरण जिल्हा आयोगाकडे चालत नाही, राज्य आयोगाकडे न्यावं लागतं. ही चूक होऊन अर्ज परत येतात. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करून बघा, पुष्कळदा तिथेच मिटतं.

आणि उलट बाजूही सांगतो. एका पीसीचं लायसन्स तीन काउंटरवर क्रॅक करून चालवत असाल तर तक्रारीला तोंड राहत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३बी नुसार बेकायदा प्रत माहीत असून वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख दंड आहे. स्वतःच्या कायदेशीर प्रतीचा बॅकअप ठेवायला मात्र तोच कायदा मुभा देतो.

कर्वेनगर_डेव्ह

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या बाजूने लिहितो. हिशेब मांडला की राग थोडा कमी होतो.

समजा दोन प्रोग्रॅमर आणि दोन सपोर्टवाले असलेलं छोटं ऑफिस आहे. पगार धरा ५०,००० आणि २५,०००. वर्षाचे १८ लाख झाले, भाडं-वीज वेगळं. ३०० ग्राहकांनी १४,५०० प्रमाणे एकदाच पैसे दिले, म्हणजे ४३.५ लाख. अडीच वर्षांत संपले. त्यानंतर जुन्या ३०० जणांचे फोन उचलायचे पैसे नव्या ग्राहकांकडून येतात. नवे ग्राहक आटले की फोन उचलणं आटतं. आयुष्यभर मोफत अपडेट देतो म्हणणाऱ्याचं ऑफिस चार वर्षांनी बंद सापडतं ते याच गणितामुळे. म्हणून मी ग्राहकांना सांगतो, वाजवी रिन्युअल घेणारा विक्रेता घ्या. तो टिकतो.

न दिसणारे खर्चही असतात. विंडोज वेळोवेळी बदलते, प्रिंटरचे ड्रायव्हर बदलतात. सेटअप फाइलला कोड सायनिंग सर्टिफिकेट (ती फाइल कुणी बनवली याची डिजिटल सही) नसेल तर विंडोज "अनोळखी प्रकाशक" म्हणून इशारा दाखवते आणि ग्राहक घाबरतो. १ जून २०२३ पासून त्या सर्टिफिकेटची की हार्डवेअर टोकनसारख्या सुरक्षित उपकरणातच ठेवावी लागते, त्यामुळे खर्च आणि उपद्व्याप दोन्ही वाढले.

पण माझ्याच धंद्यातल्या लोकांना एक स्पष्ट सांगायचंय. चूक आमची असेल तर दुरुस्तीचे पैसे मागू नका. बेरीज चुकते, राउंड ऑफ एका पैशाने सरकतो, जीएसटी रिपोर्टमध्ये क्रेडिट नोट (माल परत आल्यावर द्यायची चिठ्ठी) दोनदा येते, हे दोष आहेत. "नव्या व्हर्जनमध्ये ठीक केलंय, ते विकत घ्या" हे उत्तर बरोबर नाही. निदान लगतच्या मागच्या व्हर्जनला तो पॅच द्यायलाच हवा.

व्हर्जनच्या आकड्यावरही ग्राहकांनी विसंबू नये. ६.२ चं ६.३ झालं तर मोफत आणि ७.० झालं तर पैसे, असा सर्वसाधारण रिवाज आहे, पण आकडा उत्पादकाच्या हातात असतो. उद्या ६.३ ला ७ म्हणायला त्याला कुणी अडवत नाही. करारात तारीख घाला: "अमुक तारखेपर्यंत प्रसिद्ध झालेलं प्रत्येक बिल्ड, आकडा काहीही असो."

एक चांगला नमुना जेटब्रेन्सचा, म्हणजे प्रोग्रॅमरांची साधनं बनवणाऱ्या कंपनीचा, आहे. सलग १२ महिने वर्गणी भरली की त्या बारा महिन्यांच्या सुरुवातीला जे व्हर्जन होतं ते कायमचं वापरायचा हक्क मिळतो. वर्गणी थांबवली तरी हातात काहीतरी उरतं. आपल्याकडच्या छोट्या उत्पादकांनी हे उचलण्यासारखं आहे.

लक्ष्मीरोड_काउंटर

तारखेचा मुद्दा पटला. आता सगळ्यात जास्त भांडणं जिथे होतात तिथे येतो. सरकारने नियम बदलला तर? दुकानदाराचं म्हणणं, जीएसटी बदलला हा माझा दोष नाही, सॉफ्टवेअर कायद्यानुसार चालायलाच हवं, मग पैसे कसले? यावर खतावणी काय म्हणतात?

खतावणी

"कायदेशीर बदल मोफत" असं मोघम लिहिलं की भांडण ठरलेलं. हे बदल तीन जातींचे असतात आणि तिन्हींची किंमत वेगळी असते.

दर बदलणं ही पहिली जात. २२ सप्टेंबर २०२५ ला १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळजवळ गेले, ५ आणि १८ राहिले, मोजक्या वस्तूंना ४० लागले. सॉफ्टवेअर नीट बांधलेलं असेल तर यासाठी नवं व्हर्जन लागतच नाही. आयटम मास्टरमध्ये (वस्तूंच्या मूळ यादीत) नवा दर आणि "लागू दिनांक" टाकला की झालं. इथे कुणी अपग्रेडचे पैसे मागितले तर दर कोडमध्ये ठोकून बसवलेत असं समजा.

लागू दिनांक का हवा? ऑगस्टमध्ये १२ टक्क्यांनी विकलेला १,४०० चा शर्ट ऑक्टोबरमध्ये परत आला, तर क्रेडिट नोट १२ टक्क्यांचीच निघायला हवी. मास्टरमध्ये जुना दर पुसून ५ लिहिला असेल तर क्रेडिट नोट ५ ने निघते आणि रिटर्नमध्ये फरक पडतो. सप्टेंबर २०२५ नंतर याच कारणाने कित्येकांची जुळवणी अडली.

कापडवाल्यांसाठी आणखी एक. तयार कपड्यांत दर किमतीवर ठरतो. आधी नगाला १,००० पर्यंत ५ टक्के आणि वर १२ होते, आता २,५०० पर्यंत ५ आणि वर १८. ही मर्यादा सवलत वजा केल्यानंतरच्या, करापूर्वीच्या विक्री किमतीला लागते. २,७०० चा कुर्ता १० टक्के सवलतीने २,४३० ला गेला तर ५ टक्के. सॉफ्टवेअर जर आधी लेबलवरची किंमत बघून १८ लावत असेल आणि मग सवलत कापत असेल, तर प्रत्येक अशा बिलात ग्राहकाकडून १३ टक्के जास्त घेतले जातात. डेमो बघताना नेमकं हेच बिल करून बघा, दोन मिनिटं लागतात. आणि मर्यादेचा आकडा तुम्हाला बदलता येतो का, की त्यासाठीही त्यांचा माणूस लागतो, ते विचारा.

दुसरी जात म्हणजे नमुने बदलणं: रिटर्नचा रकाना वाढला, एचएसएनचे (वस्तूच्या जीएसटी कोडचे) अंक वाढले. १ एप्रिल २०२१ पासून ५ कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना सहा अंकी एचएसएन आलं, तसं. हे काम थोडं असतं पण वर्षातून अनेकदा येतं. ते रिन्युअलमध्येच बसायला हवं.

तिसरी जात म्हणजे पूर्ण नवी प्रणाली. ई-इनव्हॉइस, म्हणजे बिलाची सरकारी पोर्टलवर नोंदणी, १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींवरच्यांना आलं आणि टप्प्याटप्प्याने १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींपर्यंत खाली उतरलं. त्यासाठी पोर्टलशी जोडणी, क्यूआर छापणं, रद्द करण्याची सोय, असं बरंच नवं काम असतं. याचे वेगळे पैसे मागणं मला गैर वाटत नाही. पण ते घेणं सक्तीचंही नाही. महिन्याला दहा-बाराच बी टू बी (दुसऱ्या व्यापाऱ्याला दिलेली) बिलं असतील तर एनआयसी या सरकारी संस्थेचं मोफत एक्सेल साधन वापरून पोर्टलला समजणारी जेसन फाइल तिथे चढवता येते. मात्र १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी आणि त्यावरच्या उलाढालीला ३० दिवसांच्या आत नोंदणी करावी लागते, तेव्हा हे हातकाम साठवून ठेवू नका.

कंपनी असेल तर ऑडिट ट्रेल विसरू नका. १ एप्रिल २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षापासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं आणि ती नोंद बंद करता न येणारं सॉफ्टवेअर कंपन्यांना बंधनकारक आहे. हा नियम कंपनी कायद्याखालचा आहे, प्रोप्रायटर किंवा भागीदारी पेढीला तो लागत नाही. तरी "ऑडिट ट्रेल सक्तीचं झालंय, अपग्रेड घ्या" असं सांगून प्रोप्रायटर दुकानांना विक्री होते. तुमची पेढी प्रोप्रायटर, भागीदारी की कंपनी आहे ते बघूनच पैसे काढा.

भोसरी_सीएनसी

कारखान्यांतही हाच प्रश्न आहे, फक्त रकमा मोठ्या. भोसरी-चाकण पट्ट्यात कॅड-कॅम (ड्रॉइंग काढायचं आणि त्यावरून मशीनचा प्रोग्रॅम करायचं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी थोडं.

ऑटोडेस्कने बहुतेक सुट्या उत्पादनांचे कायमचे परवाने ३१ जानेवारी २०१६ नंतर विकायचे थांबवले. ज्यांच्याकडे जुने आहेत त्यांना अपग्रेडची घाई बहुतेक वेळा एकाच कारणाने होते: ग्राहकाकडून आलेली ड्रॉइंग उघडत नाही. त्यासाठी परवाना घ्यायच्या आधी फाइलचा फॉरमॅट बघा. ऑटोकॅड २०१३ ते २०१७ चा डीडब्ल्यूजी फॉरमॅट एक आहे, २०१८ पासूनचा वेगळा. समोरच्याला "२०१३ फॉरमॅटमध्ये सेव्ह अ‍ॅज करून पाठवा" एवढं सांगितलं की काम होतं, किंवा डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू हे मोफत साधन रूपांतर करून देतं. थ्रीडीत जुन्या व्हर्जनला नव्याची फाइल सहसा उघडत नाही, तिथे स्टेप फाइल (बहुतेक कॅडमध्ये उघडणारा सामायिक फॉरमॅट) मागा. फीचर ट्री (भाग कसा बनत गेला त्याच्या पायऱ्या) मिळणार नाही, पण टूलपाथ (कटरचा मार्ग) काढायला बॉडी पुरते.

डोंगल (पीसीच्या पोर्टला लावायचं छोटं उपकरण) असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये डोंगल हाच परवाना. हरवला तर बरेच उत्पादक पूर्ण किंमत मागतात, तुटला तर तुकडे परत दिल्यावर बदलून देतात. म्हणून पीसीच्या पुढच्या पोर्टला लावू नका, खुर्ची आणि ट्रॉली लागून तिथेच मोडतो. मागच्या पोर्टला किंवा छोट्या केबलने आत लावा आणि विम्याच्या यादीत नग म्हणून दाखवा.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे शॉपवर पीसी बदलले जातायत. विंडोज ११ वर जुना डोंगल दिसत नसेल तर बहुधा जुना ड्रायव्हर "मेमरी इंटेग्रिटी" या विंडोजच्या सुरक्षा सोयीत अडकलेला असतो. ती सोय बंद करण्याआधी डोंगल बनवणाऱ्याच्या साइटवरून नवा ड्रायव्हर टाकून बघा, पुष्कळदा तेवढ्याने सुटतं. नवीन कॅम घ्यायची गरज नसते.

आणि पोस्ट-प्रोसेसर, म्हणजे टूलपाथचा त्या मशीनला समजणारा प्रोग्रॅम करून देणारा भाग! नवं व्हर्जन घेतलं की मशीनचा जुना पोस्ट चालेलच असं नाही. अपग्रेडच्या कोटेशनमध्ये "सध्याचे सर्व पोस्ट नव्या व्हर्जनवर चालवून देणे" ही ओळ नसेल तर प्रत्येक मशीनमागे वेगळं बिल येतं. पहिला प्रोग्रॅम हवेत चालवून घ्या, झेड (कटरची उंची) वर उचलून.

नारायणपेठ_डीटीपी

डीटीपीवाल्यांसाठी एक जोड. कायमचा परवाना अ‍ॅक्टिव्हेशनपाशी अडतो. अ‍ॅडोबीने २०१३ मध्ये क्रिएटिव्ह क्लाउडची वाट धरली, २०१२ चं सीएस६ हे कायमच्या परवान्याचं शेवटचं. त्याच सुमारास जुन्या सीएस२ चा अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हर बंद केला तेव्हा अ‍ॅक्टिव्हेशन न लागणारी प्रत ग्राहकांना दिली. असं प्रत्येक उत्पादक करेल याची खात्री नाही. म्हणून करारात ओळ हवी: "अ‍ॅक्टिव्हेशन सेवा बंद केल्यास ऑफलाइन की देण्यात येईल."

श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत बसवलेल्या मराठी फायली असतील तर पेज लेआउट सॉफ्टवेअर बदलायच्या आधी मजकूर युनिकोडमध्ये करून ठेवा. फाँट नसेल तर ती अक्षरं नव्या मशीनवर निव्वळ चिन्हं दिसतात. रूपांतरानंतर जोडाक्षरं, रफार आणि अवतरण चिन्हं डोळ्यांनी तपासावी लागतात. त्याला पर्याय नाही.

खतावणी

अपग्रेड करायचंच ठरलं तर क्रम सांगतो, कारण नुकसान पैशांपेक्षा इथे जास्त होतं.

महिन्याच्या १ ते २० तारखेत हात लावू नका. ११ आणि २० या रिटर्नच्या तारखा आहेत. रिटर्न भरून झाल्यावर एखादी दुकानबंदीची दुपार धरा. जुन्या व्हर्जनमधून ट्रायल बॅलन्स, स्टॉक सारांश आणि येणी-देणी यादी पीडीएफमध्ये काढा. डेटाचा बॅकअप दोन जागी घ्या आणि त्यातला एक दुसऱ्या मशीनवर खरंच उघडून बघा. न उघडलेला बॅकअप बॅकअप धरायचा नाही. जुन्या सेटअपची फाइलही सोबत ठेवा, कारण उत्पादक ती साइटवरून काढून टाकतात.

मग नव्या मशीनवर नवं व्हर्जन चढवा आणि डेटाच्या प्रतीचं रूपांतर करा, मूळ डेटाला हात लावू नका. रूपांतर एकतर्फी असतं, नव्यातला डेटा जुन्यात उघडत नाही. तेच तीन रिपोर्ट नव्यातून काढा आणि आकडे पैशापर्यंत जुळवा. स्टॉकच्या किमतीत फरक आला तर बहुधा व्हॅल्युएशनची पद्धत बदललेली असते, फिफोची (आधी आलेला माल आधी गेला असं धरण्याची) सरासरी झालेली असते. दोन दिवस दोन्हीकडे बिलं चढवा. थोडा त्रास आहे, पण करा.

जुना पीसी फॉरमॅट करायच्या आधी लायसन्स सोडवून घ्या. टॅलीप्राइममध्ये एफ१, सेटिंग्ज, लायसन्स, सरेंडर. हे विसरून फॉरमॅट मारला, तर की जुन्या मशीनला अडकून राहते आणि सपोर्टच्या मागे फिरावं लागतं. विंडोज पीसीसोबतच आलेली (ओईएम) असेल तर ती मदरबोर्डला बांधलेली असते, दुसऱ्या पीसीवर नेता येत नाही, हेही बजेटमध्ये धरा.

वर्गणीचं सॉफ्टवेअर घेणाऱ्यांनी एकच प्रश्न आधी विचारावा: वर्गणी थांबली तर जुने हिशेब बघता येतील का? जीएसटीत त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने हिशेब ठेवावे लागतात. २०२४-२५ चं वार्षिक रिटर्न ३१ डिसेंबर २०२५ ला देय, म्हणजे ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत ते उघडता आले पाहिजेत. कंपनीला आठ वर्षं. वर्गणी संपल्यावर लॉगिनच बंद होत असेल, तर तुम्ही सॉफ्टवेअरसोबत स्वतःचे हिशेबही भाड्याने ठेवलेत. निदान वाचण्यापुरता प्रवेश आणि सगळ्या व्हाउचरांची एक्सेल निर्यात मिळायला हवी. फक्त रिपोर्टची एक्सेल पुरत नाही, व्हाउचर-निहाय हवी.

ताळेबंद

एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) सोडावी की भरावी, याचा हिशेब कुणी मांडला नाही म्हणून लिहितो.

सॉफ्टवेअर ६०,००० चं आणि एएमसी १८ टक्के, म्हणजे वर्षाला १०,८०० धरा. तीन वर्षांनी नवं व्हर्जन ४० टक्क्यांत, २४,००० ला मिळत असेल, तर तीन वर्षांची एएमसी ३२,४०० होते. फोन फारसे करावे लागत नसतील तर एएमसी सोडून तीन वर्षांनी अपग्रेड घेणं स्वस्त. पण बरेच उत्पादक एएमसी तुटलेल्याला सवलतीचं अपग्रेड देतच नाहीत, मागची थकबाकी भरायला लावतात. तीन वर्षं तुटली तर ३२,४०० अधिक चालू वर्ष, म्हणजे ४३,२००. पाच वर्षं तुटली तर ६४,८००, त्यापेक्षा नवीन घेणं परवडतं. तेव्हा "एएमसी तुटल्यास पुन्हा जोडण्याचा कमाल खर्च किती" हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

आयकरात फरक आहे. कायमचा परवाना ही मालमत्ता धरली जाते, त्यावर ४० टक्के घसारा, वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्याच्या निम्मा. वार्षिक वर्गणी त्या वर्षीचा खर्च म्हणून पूर्ण वजा होते. जीएसटीचं क्रेडिट दोन्हीकडे मिळतं, बिलावर तुमचा नंबर बरोबर असेल तर.

लक्ष्मीरोड_काउंटर

सगळ्यांचे आभार. वरच्या प्रतिसादांतून कोटेशनसाठी मजकूर जुळवलाय, तपासून सांगा:

"बिलिंग सॉफ्टवेअर, व्हर्जन ६.२, ३ काउंटर, या व्हर्जनच्या वापराचा कायमचा हक्क. खरेदीपासून २४ महिन्यांत प्रसिद्ध होणारं प्रत्येक बिल्ड मोफत, आकडा काहीही असो. सॉफ्टवेअरमधील दोषांची दुरुस्ती ५ वर्षं मोफत. कराचे दर व किंमत-मर्यादा ग्राहकास स्वतः बदलता येतील. पुढील रिन्युअल वार्षिक, खरेदी किमतीच्या १५ टक्क्यांहून अधिक नाही. तुटल्यास पुन्हा जोडण्यास कमाल दोन वर्षांची रक्कम. पीसी बदलल्यास की मोफत. अ‍ॅक्टिव्हेशन सेवा बंद झाल्यास ऑफलाइन की. सर्व व्हाउचरांची एक्सेल निर्यात कायम उपलब्ध. मदत २४ महिने मोफत."

कर्वेनगर_डेव्ह

विकणारा म्हणून यावर सही करायला मला अडचण नाही, दोन दुरुस्त्या करा. "पीसी बदलल्यास की मोफत" यात "वर्षातून दोन वेळा" घाला, नाहीतर एकच की दुकानादुकानांत फिरते. आणि "मदत" च्या जागी "फोनवरून व दूरस्थ मदत, सोम ते शनि, १० ते ७" लिहा. दुकानात येण्याचे पैसे वेगळे की त्यातच, तेही त्याच ओळीत यायला हवं.

ग्राहकपंच

"दोष" शब्दाची व्याख्या एका वाक्यात जोडा: "माहितीपत्रकात सांगितलेलं काम न होणे किंवा हिशेब चुकीचा येणे." आणि ते माहितीपत्रक बिलाला स्टेपल करा, दोघांच्या सह्यांसकट.